आमची वाटचाल: राठ केसांचे टेरियर आणि तो तिसरा उन्हाळा

कुत्र्यांचे केस राखायचं आमचं दुकान आहे. उन्हाळा तोंडावर आला की आमचा फोन थांबत नाही, आणि दहातल्या सात जणांचं म्हणणं एकच असतं: "मशीन फिरवा आणि सगळं काढून टाका, बिचाऱ्याला फार उकडतंय." बारा उन्हाळे झाले, आमचं उत्तर तेच आहे. निरोगी, राठ कोटाचा, म्हणजे अंगावर ताठ, खरखरीत केस असलेला टेरियर जातीचा कुत्रा आमच्या टेबलावर भादरला जात नाही. या एका हट्टापायी दुकान बुडता बुडता वाचलं. ते कसं वाचलं हे मी आजवर कुठे नीट लिहिलं नव्हतं.

सुरुवात दोघींची, ताईची आणि माझी. ताईने उमेदीची वर्षं शोसाठी कुत्री तयार करणाऱ्या केनेलमध्ये काढली होती. एअरडेल, वेल्श, वायर फॉक्स, बॉर्डर, या सगळ्या टेरियरच्या जाती तिच्या हाताखालून गेलेल्या. मला क्लिपर (केस कापायचं मशीन) येत होता, कात्री येत होती. स्ट्रिपिंग, म्हणजे मेलेले केस न कापता मुळापासून ओढून काढणं, मात्र तिने शिकवलं. पहिले दोन महिने तिने मला नाइफला, म्हणजे केस पकडायच्या दातेरी पात्याला, हात लावू दिला नाही. बोटांवर रबरी टोप्या, केसांवर खडूची पूड, बाकी काही नाही. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची, चार-पाच केस टोकाशी चिमटीत घ्यायचे आणि ज्या दिशेने उगवलेत त्याच दिशेने ओढायचे. मनगट वळवायचं नाही, ओढ खांद्यातून यायला हवी. मनगट वळलं की केस तुटतो, आणि तुटला म्हणजे कापलाच. "कोट पिकू दे गं," ती म्हणायची, "पिकलेलं फळ देठाला धरून बसत नाही." घाई केली की तिला माझ्या पाठीमागून, नुसत्या आवाजावरून कळायचं.

मग नाइफ आली. आमच्याकडे तीन होत्या: पाठीसाठी जाड दातांची, मान आणि खांद्यांसाठी मधली, डोकं, कान आणि आतली मेलेली लोकर काढायला बारीक. नवी नाइफ घेऊन थेट कुत्र्यावर चालवणारे पाहिले की मला अजून राहवत नाही. नव्या नाइफचे दात धारदार असतात, ते केस उपटत नाहीत, कापतात. ताईने आमच्या तिन्ही नाइफ दगडावर घासून घासून आधी बोथट केल्या होत्या. नाइफचं काम पकड देण्याचं आहे. डावऱ्यांसाठी वेगळी मिळते, तीच घ्या. ताईच्या मधल्या नाइफच्या मुठीला सुती पट्टी गुंडाळलेली होती, घामाने काळी पडलेली.

हे सगळं कशासाठी, ते या धंद्यातल्यांना माहीत आहेच, तरी सांगते. राठ कोट दुहेरी असतो. वरचा ताठ केस ऊन, काटे आणि पाणी अंगावर घेतो, खाली मऊ लोकर असते. उन्हाळ्यात कुत्र्याला गुदमरवते ती आत साठलेली मेलेली लोकर, कारण तिच्यातून वारा कातडीपर्यंत पोचत नाही. ती काढा, वरचे मेलेले केस काढा, नवा ताठ केस राहू द्या. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. थोडासा पंजांच्या गाद्यांना येतो, बाकी बरीचशी उष्णता तो धापा टाकून बाहेर काढतो. तेव्हा गुळगुळीत भादरून आपल्याला जो गारवा वाटतो, तो त्याला मिळेलच असं धरून चालू नये. ऊन मात्र थेट कातडीवर येतं. वेस्टी (पांढरा वेस्ट हायलंड टेरियर) किंवा पांढऱ्या अंगाचा फॉक्स असेल तर कातडी भाजते.

शिवाय कोट बिघडतो. राठ केसाचा रंग आणि जाडी टोकाकडे असते, मुळाशी तो बारीक आणि फिका. मशीनने वरचं गेलं की मागे राहतो तो फिका बुंधा, आणि मऊ लोकर त्याच्यावर चढते. दोन-तीन वेळा भादरलेला वेल्श पाहा, काळ्या पाठीची राखाडी झालेली असते. 2009 साली 'सायन्स' नियतकालिकात कुत्र्यांच्या कोटावरचं संशोधन आलं. कोटांमधला बराचसा फरक फक्त तीन जनुकांवर बसतो, आणि राठ केस, दाढी, भुवया यांच्यामागे आरएसपीओ२ नावाचं जनुक आहे, असं त्यात दाखवलं होतं. ती बातमी कापून मी टेबलाजवळ लावली होती. पिढ्यान्‌पिढ्यांच्या रक्तातली ठेवण लोक अर्ध्या तासात फरशीवर झाडून टाकतात, याचं मला दुःख होतं.

तिसऱ्या उन्हाळ्याच्या तोंडावर आमच्या समोरच एक दुकान उघडलं. काचेवर मोठी अक्षरं: "समर कट, अर्ध्या तासात". दर आमच्या निम्मा. आम्हाला एका वायर फॉक्सला तीन तास लागायचे, मध्ये त्याला उतरवून फिरवावं लागायचं. महिन्याला आमच्याकडे 40 टेरियर येत होते, ते 11 वर आले. तेवढ्यावरही मी तग धरला असता. पण त्यांनी एक फोटो लावला. आमच्याकडून पूर्ण स्ट्रिप होऊन आठवडा झालेला कुत्रा: पाठीवर नुसती लोकर, मधून गुलाबी कातडी, मानेवर नव्याची नुसती चाहूल. खाली लिहिलं होतं, "हाताने केस उपटल्याचा परिणाम". पूर्ण स्ट्रिपनंतर नवा कोट भरायला 8 ते 12 आठवडे लागतात, हे त्यांना माहीत नव्हतं असं मी मानत नाही. माहीत असून लावला. "तुम्ही कुत्र्यांना छळता" हे शब्द मी माझ्या दारात ऐकले, आणि ते बोलणाऱ्यांची कुत्री माझ्या टेबलावर झोपा काढून गेलेली होती.

छळाचा आरोप मला सर्वांत जास्त लागला, म्हणून त्याबद्दल सरळ लिहिते. पिकलेला केस सुटताना कुत्रा दचकत नाही. दचकला तर एकतर कोट कच्चा आहे किंवा करणाऱ्याचा हात कच्चा आहे, आणि दोन्ही वेळा थांबायचं. पोट, जांघा, गळा आणि गाल इथे आम्हीही क्लिपरच वापरतो. नसबंदीनंतर काही कुत्र्यांचा कोट मऊ, लोकरी होतो, तो ओढू नये. म्हातारा किंवा आजारी कुत्रा तीन तास उभा करू नये. अशांना आम्ही मशीनने थोडी लांबी ठेवून कापतो आणि मालकाला तसं स्पष्ट सांगतो.

मी तीन आठवडे हार मानली, हेही सांगायला हवं. भाडं थकलं होतं. क्लिपर काढला, 10 नंबरचं ब्लेड लावलं, जे जेमतेम दीड मिलिमीटर केस ठेवतं, आणि जे येतील त्यांना भादरत सुटले. एका दुपारी घाईत ब्लेड तापलं ते मला कळलं नाही. एका वेस्टीच्या पोटावर लाल चट्टा उठला. मालक काही बोलले नाहीत, पुन्हा आलेही नाहीत. तेव्हापासून दर दोन-तीन मिनिटांनी ब्लेड स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहते. तुम्हीही पाहा. आणि कुणाच्या हाताखाली नवी पोरं काम करत असतील तर त्यांना ही सवय पहिल्या दिवशी लावा.

त्याच आठवड्यात ताई गेली, समोरच्याच दुकानात. तिच्या घरी दोन आजारी माणसं होती आणि मी तिला दोन महिन्यांचे पैसे देणं लागत होते. तिच्यावर माझा राग नाही. ज्याने तिच्या हाताची किंमत न ओळखता तिला क्लिपर देऊन दिवसाला दहा कुत्री उरकायला लावली, त्याच्यावर आहे, आणि तो जाणार नाही. जाताना ती सुती पट्टीची नाइफ टेबलावर ठेवून गेली. "तिकडे हिचं काय काम," एवढंच म्हणाली.

दुकान वाचवलं ते बंड्याच्या काकूंनी. बंड्या म्हणजे त्यांचा वायर फॉक्स, टेबलावर चढला की आधी माझी बाही चावणारा. काकूंनी पुढच्या चार खेपांचे पैसे एकदम हातात ठेवले आणि वही उघडली. त्या वहीत बंड्याच्या प्रत्येक खेपेची तारीख होती, कुठून किती केस निघाले तेही होतं. पाहता पाहता दोघींच्या लक्षात आलं की सगळं एकदम काढायची गरजच नाही. ताई शोच्या हिशोबाने शिकवायची, मी तेच पुढे चालवलं होतं. दर 4 ते 6 आठवड्यांनी फक्त सर्वांत लांब, सुटायला आलेले केस आणि खालची लोकर काढली, तर कुत्रा कधीच उघडा पडत नाही आणि उन्हाळाभर अंगावर ताजा, आखूड, ताठ कोट राहतो. याला रोलिंग कोट म्हणतात, तो आमचा शोध नाही, पण आम्ही तो काकूंच्या वहीतून शिकलो. दोन महिन्यांनी काकू बंड्याला घेऊन त्या फोटोखाली काचेसमोर जाऊन उभ्या राहिल्या, कारण फोटोतला कुत्रा बंड्याच होता. पाठ पांढरी शुभ्र, ब्रशसारखी. आतल्या माणसाला त्या म्हणाल्या, "हा तो." फोटो त्या संध्याकाळी उतरला. माफी मात्र आजपर्यंत मागितलेली नाही.

पुढची वर्षं बरी गेली. त्यांच्याकडे भादरून आलेली कुत्री आमच्याकडे येऊ लागली. त्यातल्या निम्म्यांचा कोट सरळ व्हायला दोन-तीन फेऱ्या लागल्या, काहींचा झालाच नाही.

विषय निघालाच आहे तर एवढं ऐका. पूर्ण स्ट्रिप करायचीच असेल तर कडक ऊन सुरू व्हायच्या दोन महिने आधी करा. ऐन उन्हाळ्यात केलीत तर कुत्र्याला सावलीत ठेवा. घरी आठवड्यातून एकदा दाढी आणि पाय मुळापर्यंत विंचरा, पंजांच्या गाद्यांमधले गुंते कापा, केसांत हात घालून गोचीड शोधा. पिंजऱ्यात बसवून गरम हवेचा ड्रायर लावणाऱ्याकडे उन्हाळ्यात कुत्रा देऊ नका. तो ड्रायर आम्ही कधी घेतलाच नाही. थर्मामीटर घेतला. कुत्र्याचं तापमान साधारण 38.3 ते 39.2 अंश सेल्सियस असतं, 41 च्या वर गेलं तर जिवाशी गाठ आहे. धापा थांबत नसतील, पाय लटपटत असतील तर आधी अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, आणि मग दवाखान्याकडे निघा. पाणी न ओतता गाडीत घालून धावू नका.

मागच्या महिन्यापासून समोरच्या काचेवर नवी अक्षरं आहेत: "हँड स्ट्रिपिंग केले जाईल". मी रोज शटर उघडताना ती वाचते. नाइफ बोथट केलीय का, हे विचारायला जावंसं वाटतं, अजून गेले नाही.

या उन्हाळ्याच्या वेळा द्यायला सुरुवात झाली आहे. येताना कुत्र्याला आंघोळ घालून आणू नका. धुतलेला केस मऊ पडतो आणि बोटांतून निसटतो. मळका चालेल, कोरडा हवा.