विशेषणं घरी ठेवून या

हीरकमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत मागणारं पत्र आलं आणि शाळेविषयी लिहायला बसलो. पण लेखणी सरांपाशीच अडते आहे. समितीने सांभाळून घ्यावं. आपल्याकडे नुसतं 'सर' म्हटलं की मराठीचे सर, हे कुणाला सांगायला नको. म्हणून नावही लिहीत नाही.

आमच्या निबंधांत पाऊस पडला की मोर नाचायचा. गाईडात नाचायचा म्हणून. सरांना त्या मोराचा भारी राग. गणेश चवथीच्या आदल्या शनिवारी शाळा सुटल्यावर त्यांनी आमचा नववीचा वर्ग फोंड्याच्या बाजारात नेला. माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायच्या रानफळांच्या छताचं, सामान उतरलं होतं : कवंडळं, घागऱ्या, आंबाडे, मावळिंगं, सुपारीची शिपटी. सर म्हणाले, "फळं दरवर्षी बघता. आज माणसं बघा. एकेकाने एक माणूस धरायचा नि दहा ओळी लिहायच्या. विशेषणं घरी ठेवून या."

मी एका धोतरवाल्या गृहस्थांना धरलं. घागऱ्यांच्या जुडीसाठी चार आण्यांवरून त्यांनी एवढी घासाघीस केली की डोंगरातून आलेली ती म्हातारी रडकुंडीला आली. "परवडना, पात्रांव (मालक)!" शेवटी तिने दिली. जिंकल्यावर गृहस्थांनी काय करावं? समोरच्या हॉटेलातून दोन चहा सांगितले, एक स्वतःला, एक तिला. वाचवलेले चार आणे तिथेच गेले असणार.

मी लिहिलं, आणि खाली एक ओळ जोडली, 'अशा प्रकारे ते मनाने दयाळू होते.' सरांनी ती तांबड्या शाईने खोडली. "चहा सांगतोय की. तू मध्ये कशाला बोलतोस?" मग विचारलं, म्हातारीने चहाचं काय केलं? मी सांगितलं, बशीत ओतून आधी शेजारी बसलेल्या नातवाला दिला. "मग ते वहीत का नाही?" त्यांनी मला ते समासात लिहायला लावलं. दयाळू की हट्टी, यावर वर्गात वाद पेटला तेव्हा सर खिडकीपाशी उभे राहून हसत होते. निकाल त्यांनी दिलाच नाही.

पुढे मी बँकेत चिकटलो. पण गावच्या जत्रेला लागणारं नाटक आजही मीच लिहितो, आणि फोंड्याच्या राजीव गांधी कला मंदिराच्या रंगमंचावर आमच्या मंडळाचा प्रयोग झाला तेव्हा सर काठी टेकत आले होते. मला शाबासकीची अपेक्षा. ते म्हणाले, "तिसऱ्या अंकात तुझा भाटकार (जमीनदार) फार बोलतो." दुसऱ्याच दिवशी दीड पान कापलं.

आता माटोळीच्या स्पर्धा होतात, फळांतून मोर नि गरुड साकारतात. कसब मोठं आहे, नाही म्हणत नाही. पण पुन्हा मोरच! सर असते तर काय म्हणाले असते, ते वाचकांनीच ठरवावं.

एक विनंती. सरांनी मुलांकडून करून घेतलेली हस्तलिखितं ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात असायची. असतील तर वाळवी लागण्याआधी ती बाहेर काढून स्कॅन करून घ्यावीत. खर्च मी देतो. बॅचमधल्या दोघांशी बोललो आहे, तेही यायला तयार आहेत. व्यवस्थापनाने फक्त किल्ली द्यावी.