आमची वाटचाल : माळ तुटते ती हुकापाशी

ठाण्यात चरईतल्या आमच्या घरी मण्यांच्या माळा व्हायला लागल्या त्या संक्रांतीमुळे. काळ्या साडीवर घालायला मी आणि माझ्या जाऊबाईंनी काचमण्यांचे सर ओवले होते. सोसायटीतल्या हळदीकुंकवाला ते बायकांनी पाहिले आणि तिथेच मागण्या आल्या. पहिल्या माळेपासून पैसे घेतले. ओळखीतल्या एकदोघींना ते लागलं, पण धंदा म्हटला की हिशेब आलाच.

मणी भुलेश्वरचे. सीएसएमटीला उतरायचं आणि पुढे पायी. तिथे लडीवरही मिळतात, वजनावरही. काच म्हणून प्लास्टिक गळ्यात मारणारेही भेटतात. काचेचा मणी गालाला गार लागतो, हाताला जड वाटतो. १८ इंची माळेला, हुकाची जागा सोडून, ८ मिलिमीटरचे साधारण ५५ मणी लागतात, ६ मिलिमीटरचे ७३ आणि ४ मिलिमीटरचे ११०. म्हणून बारीक मण्यांची माळ दिसायला नाजूक असली तरी मजुरी तिचीच जास्त. हे गिऱ्हाइकाला पटवणं ओवण्यापेक्षा अवघड!

ओवणं काय, कुणालाही जमतं. खरं काम टोकांना असतं. आमच्या आजेसासूबाई आपली पोत पटवेकऱ्याकडूनच, म्हणजे दागिने गाठवणाऱ्या कारागिराकडूनच गाठवून घ्यायच्या, सुईदोरा घरात असताना. त्याचं कारण आम्हाला या धंद्यात कळलं. काचमण्याच्या भोकाची कड धारदार असते, ती साधा दोरा हळूहळू कापते. तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, कापला जात नाही लवकर, पण ताणाने सैलावतो आणि मण्यांमध्ये फटी दिसू लागतात. जड काचमण्यांना आम्ही गिअर वायर वापरतो, म्हणजे प्लास्टिकचं आवरण असलेली बारीक पोलादी तार. तिचं टोक छोट्या धातूच्या नळीतून काढून हुकाच्या कडीत घालायचं, त्याच नळीतून परत आणायचं, शेवटच्या दोन-तीन मण्यांत खुपसायचं आणि मग नळी पकडीने दाबायची. तार करकचून ओढली तर माळ गळ्यात काठीसारखी उभी राहते. मिलिमीटरभर ढील ठेवावीच लागते. मोत्यांची रीत वेगळी. दर मोत्यामागे गाठ, म्हणजे दोरा तुटला तरी एखादाच मोती निसटतो. दोरा माळेच्या दुपटीहून जास्त लागतो आणि वेळेचं तर विचारू नका.

२०२० च्या जुलैत सुरू झालेली उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, आम्हीही करून घेतली. ती ऑनलाइन आणि फुकट होते, त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. एका दुकानाने उधारीवर नेलेल्या मालाचे पैसे फार लांबवले, तेव्हापासून घाऊक मागणीला निम्मी रक्कम आगाऊ घेतो. पाडव्याच्या स्वागतयात्रेआधी नऊवारीवरच्या मोत्यांच्या माळांना इतकी मागणी असते की जाऊबाईंची मुलगीही ओवायला बसते.

दुरुस्तीचं काम आता नव्या माळांच्या बरोबरीला आलंय. सोन्याचे मणी असलेली माळ आम्ही घेत नाही, ती सराफाकडेच न्यावी. बाकी कुठलीही आणा, आमच्याकडची नसली तरी चालेल. सुटलेले मणी डबीत भरून आणा. दोन-चार हरवले असतील तर मिळतेजुळते घालून देतो, तेही हुकाजवळ, मानेमागे, केसांखाली.