बोडोची फाइल सगळ्या तपासण्यांत पास झाली

सॉफ्टवेअरमधले संदेश वेगवेगळ्या भाषांत नीट बसतात की नाही, हे तपासणं माझं काम. त्या दिवशी आसामातली बोडो आणि युरोपातली स्लोवाक या भाषा एकाच खेपेत आल्या. नियोजनाच्या तक्त्यात स्लोवाकपुढे ‘अवघड’ आणि बोडोपुढे ‘सोपी’ असा शेरा होता. आधार एवढाच, की संख्यांसाठी स्लोवाकला चार रूपं लागतात आणि बोडोला दोन. स्लोवाकच्या चुकांची लांब यादी निघाली, बोडोत एकही नाही. प्रत्यक्षात जास्त नासाडी बोडोचीच झाली होती.

आधी स्लोवाकचं. ‘फाइल’ला सूबोर म्हणतात. येदेन सूबोर, द्वा सूबोरि, पेत्य सूबोरोव आणि अपूर्णांक असला तर सूबोरु. म्हणजे १ ला एक रूप, २ ते ४ ला दुसरं, ० आणि ५ पासून पुढे तिसरं, दशांशाला चौथं. घात होतो २२ वर. पोलिशमध्ये २२ ला २ सारखंच रूप लागतं, स्लोवाकमध्ये मात्र ५ सारखं. कुणी पोलिशचा नियम उचलून इथे डकवला, तर २१ पर्यंतची प्रत्येक पूर्ण संख्या बरोबर येते आणि त्याच्या पुढे चुकीची रूपं दिसू लागतात. म्हणून चाचणीत ०, १, २, ४, ५, २२ आणि १.५ हे आकडे हवेतच. (स्लोवाकमध्ये दशांशचिन्ह स्वल्पविराम असतं, तेही बघावं.)

बोडोत गाडी उलट्या बाजूने चालते. नाम बहुतेक जागच्या जागी राहतं, बदलतो तो आकडा. से, नै, थाम, ब्रै, बा हे एक ते पाच. पण माणसं मोजायची तर सासे, सानै, साथाम. जनावरं मासे, मानै, माथाम. झाडं फांसे, फांनै. ‘एकवचन आणि इतर’ या दोन रूपांच्या नियमात यातलं काहीच मावत नाही. तो नियम संगणकाच्या सोयीचा आहे, त्यावरून भाषा सोपी ठरवणं हा आळस आहे. बोडोसाठी प्रत्येक नामापुढे त्याचा वर्ग नोंदवावा लागतो आणि आमच्या तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

माणसांना वेगळं काढण्याची सवय स्लोवाकलाही आहे. द्वाया मुझि म्हणजे दोघे पुरुष, द्वे झेनि म्हणजे दोघी बायका, द्वा दोमि म्हणजे दोन घरं. मराठी माणसाला हे शिकवावं लागू नये. फक्त स्लोवाक लिंगाकडेही बघते आणि बोडो माणसांवर न थांबता जनावरं, झाडं, वस्तू असे वर्ग पाडत जाते. क्रियापदात बोडो मोकळी आहे. आं जाबाय, नों जाबाय, बियो जाबाय: मी, तू, तो, कुणीही खाल्लं तरी जाबायच. स्लोवाकला भूतकाळात रोबिल की रोबिला हे ठरवायला वापरणाऱ्याचं लिंग माहीत असावं लागतं.

खरी नासाडी झाली ती शोधासाठी मजकूर ‘साफ’ करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. त्याच्या पायऱ्या अशा: अक्षरं आणि खुणा सुट्या करायच्या, युनिकोड (प्रत्येक अक्षराला आणि खुणेला क्रमांक देणारं जागतिक प्रमाण) ज्यांना जागा न घेणाऱ्या खुणा मानतं त्या पुसायच्या आणि सगळे अपॉस्ट्रॉफी एकाच प्रकारचे करून शब्द तोडताना टाकून द्यायचे. युरोपीय भाषा समोर ठेवून लिहिलेला हा प्रोग्रॅम. स्लोवाकमध्ये त्याने दीर्घ स्वराची खूण पुसून सूद म्हणजे न्यायालय आणि सुद म्हणजे पिंप यांतला भेद घालवला. वाईटच, पण स्लोवाक लोक घाईत फोनवर खुणांशिवाय लिहितात आणि समजूनही घेतात.

देवनागरीत त्या खुणांच्या गटात ु, ू, े, ै, हलन्त आणि अनुस्वार येतात. ा, ि, ी, ो, ौ येत नाहीत. त्यामुळे सासेचं सास झालं, सानैचं सान, साथाम मात्र तसाच राहिला. नों म्हणजे ‘तू’. त्याचा अनुस्वार गेला की नो उरतो आणि नो हा ‘ला’ अर्थाचा प्रत्यय आहे. मराठीवर हा प्रोग्रॅम चालवला तर मराठीचेही असेच लचके तुटतील.

अपॉस्ट्रॉफीची कथा आणखी गुंतागुंतीची. बोडोचं स्वतःचं नाव बरʼ असं लिहितात. त्या खुणेला गोजौ कमा, म्हणजे वरचा स्वल्पविराम म्हणतात. तिचा युनिकोडमधला योग्य क्रमांक ०२बीसी आणि तिथे ती अक्षर गणली जाते. कळफलकावरून येतो तो क्रमांक ००२७ चा साधा अपॉस्ट्रॉफी, फोन त्याचा परस्पर क्रमांक २०१९ चा वळणदार अपॉस्ट्रॉफी करतो. ही दोन्ही विरामचिन्हं. ती पुसली की नुसतं बर उरतं. स्लोवाकमध्ये नेमकं उलट आहे. टी, डी, एल या अक्षरांशेजारी छापलेली खूण अपॉस्ट्रॉफीसारखी दिसते, पण ती अक्षराचाच भाग आहे. जुन्या पीडीएफमधून मजकूर उचलला की कधीकधी ती सुटी पडते. म्हणजे स्लोवाकमध्ये खूण अक्षरात परत मिसळायची आणि बोडोत ती जपायची. एकच नियम दोघींना लावणं शक्य नाही.

मग बोडो पास कशी झाली? तपासणी इतकीच होती की सगळी अक्षरं देवनागरी आहेत आणि लांबी मर्यादेत आहे. वर सही करणाऱ्याला ‘देवनागरी येते’ हे पुरेसं मानलं गेलं. बोडोने देवनागरी १९७५ मध्ये स्वीकारली, पण अक्षरांचे उच्चार स्वतःच्या गरजेप्रमाणे बसवले. आं हे आङ वाचायचं. ओकार म्हणताना ओठ गोल करायचे नाहीत. मराठी किंवा हिंदी वाचणाऱ्याला ही अक्षरं ओळखीची वाटतात आणि त्या ओळखीवर तो चुकीचा मजकूर पुढे पाठवतो. स्लोवाकच्या चुका सापडल्या, कारण ती फाइल स्लोवाक माणसाने वाचली होती.

आता बोडोची वाट वेगळी केली आहे. खुणा पुसणं बंद. देवनागरी अक्षरानंतर ००२७ किंवा २०१९ आला तर त्याचा ०२बीसी करायचा, मात्र तो एकेरी अवतरण बंद करणारा नाही हे आधी बघायचं. त्यासाठी अवतरणांच्या जोड्या अगोदर जुळवाव्या लागतात. ड़ हे अक्षर कुणी एका क्रमांकाने लिहितं, कुणी ड आणि नुक्त्याने. प्रमाणीकरणानंतर, म्हणजे एकच अक्षर लिहिण्याच्या वेगवेगळ्या रीती एकसारख्या केल्यावर, ते नेहमी दोन क्रमांकांचंच होतं, म्हणून तुलना प्रमाणीकरण करूनच करायची. नामाच्या वर्गाचा रकानाही जोडला आहे, पण ‘सूचना’, ‘उपकरण’, ‘खातं’ यांना कोणता वर्ग लावायचा हे बोडोत रोज लिहिणाऱ्यानेच भरायला हवं. तशा माणसाच्या मानधनाची मागणी मी वर पाठवली आहे. उत्तर आलं, की पास झालेल्या फाइलीसाठी वेगळा खर्च कशाला?