ग्रीकांना ग्रीक कोणी केले?

ग्रीसच्या टपाल तिकिटावर ‘ग्रीस’ हा शब्द शोधू गेले तर सापडत नाही. तिथे ग्रीक आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत ‘हेलास’ एवढेच छापलेले असते. हे लोक स्वतःला हेलीन म्हणवतात, आणि जगभर त्यांची जी ओळख आहे ती ‘ग्रायकी’ या रोमनांनी चिकटवलेल्या लॅटिन नावामुळे.

रोमनांना ते कुठून मिळाले, यावर विद्वानांचे अजून एकमत नाही. वायव्य ग्रीसच्या एपिरस प्रांतातल्या डोडोनाच्या परिसरात पूर्वी ज्यांना ‘ग्रायकोई’ म्हणत, त्यांनाच पुढे हेलीन म्हणू लागले, असे ॲरिस्टॉटलने ‘मीटिऑरॉलॉजिका’त लिहून ठेवले आहे. उलट ‘इलियड’मध्ये, ट्रॉयवर निघालेल्या जहाजांच्या त्या लांबलचक यादीत, मध्य ग्रीसमधल्या बिओशिया प्रांतातल्या ‘ग्राइया’ गावाचा ओझरता उल्लेख येतो. समोरच्या युबिया बेटावरच्या लोकांनी इ.स.पू. आठव्या शतकात नेपल्सजवळ क्युमी ही वसाहत वसवली, तेव्हा ग्राइयाचेही काही जण सोबत गेले असावेत आणि इटलीतल्या शेजाऱ्यांनी त्यांच्यावरून सगळ्यांनाच ते नाव देऊन टाकले असावे, असा एक तर्क आहे. तर्क देखणा खरा, पण मला एपिरसची बाजू अधिक पटते, कारण तो प्रदेश बुटासारख्या दिसणाऱ्या इटलीच्या टाचेच्या जवळजवळ समोरच येतो.

काही असो, जो आधी भेटला त्याचे नाव साऱ्या गोताला लागले. पूर्वेकडे इराण्यांची गाठ आशिया मायनरच्या किनाऱ्यावरच्या आयोनियन ग्रीकांशी पडली, म्हणून त्यांच्या लेखी सगळेच हेलीन ‘यौन’ झाले आणि आपल्याकडे ‘यवन’. कार्ल्याच्या चैत्यगृहातल्या खांबांवर धेनुकाकटच्या यवनांनी दिलेल्या दानांचे ब्राह्मी लेख आजही आहेत.

रोमनांनी या नावाचे हालही केले. ‘ग्रायकुलस’, म्हणजे ‘ग्रीकडा’, असे ते कुत्सितपणे म्हणत. पुढे हेच लोक रोमन साम्राज्यात इतके मुरले, की 1453 मध्ये कॉन्स्टँटिनोपल ही राजधानी तुर्कांच्या हाती पडेपर्यंत आणि त्यानंतरही ते स्वतःला ‘रोमाइओई’, म्हणजे चक्क रोमन, म्हणवत राहिले, कारण ख्रिस्ती झालेल्या त्या समाजात ‘हेलीन’ म्हणजे मूर्तिपूजक असा अर्थ रूढ झाला होता. तुर्कांविरुद्धच्या 1821 च्या स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात त्यांनी ते जुने नाव पुन्हा अभिमानाने धारण केले. बाहेरच्यांनी मात्र लॅटिन नाव सोडले नाही.