मुलाखतीतला एक प्रश्न

मागच्या भरतीत आमच्या आयटी कंपनीच्या पॅनलसमोर एक मुलगी आली होती. आठ वर्षं जावा प्रोग्रामिंग, मग बाळंतपणामुळे तीन वर्षांचा गॅप. कॅशेचं गणित (सारखा लागणारा डेटा हाताशी कसा ठेवायचा) तिनं हॅशमॅप आणि डबली लिंक्ड लिस्ट या डेटा साठवायच्या दोन रचना वापरून बोर्डावर सोडवलं आणि आम्ही काही विचारायच्या आत म्हणाली, "दोन थ्रेड एकदम आले तर हे फुटेल, इथे लॉक लागेल." म्हणजे दोन कामं एकाच वेळी त्याच डेटाला हात लावतील तेव्हाची अडचण तिनं आधीच ओळखली होती. मला ती तिथेच पटली. पुढचा प्रश्न शेजारच्या खुर्चीवरून आला : "बाळाला कोण सांभाळतं?"

त्याच दुपारी आलेल्या मुलाला सहा महिन्यांचं बाळ होतं. त्याचं अभिनंदन झालं.

नंतरच्या चर्चेत तिच्याबद्दल "टेक्निकली उत्तम, पण कमिटमेंटचं काय?" एवढ्यावर सगळं संपलं. मी भांडले, पण नकार कायम राहिला.

1974 साली टेल्कोच्या (आताची टाटा मोटर्स) जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं. ते वाचून सुधा मूर्तींनी थेट जेआरडी टाटांना पोस्टकार्ड टाकलं आणि पुण्यात नोकरी मिळवली. भेदभाव छापील होता, म्हणून निदान जाब तरी विचारता आला. आता जाहिरातीत महिलांचं स्वागत असतं आणि नकार बंद खोलीत ठरतो. त्या मुलीला कारण कधीच कळणार नाही, याचा मला फार राग येतो.

यामागचा हिशोब मला माहीत आहे. 2017 पासून पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि आयटीत तो पगार कंपनीच्याच खिशातून जातो. खासगी नोकरीत बापाला कायद्यानं एक दिवसही रजा नाही. मग मॅनेजर बाईकडेच संशयानं बघतो. रजा दोघांनाही द्या आणि त्या रजेचा खर्च एकट्या कंपनीवर टाकू नका, असं माझं ठाम मत आहे.

तोवर आमच्या टीममध्ये मी एक गोष्ट लावून धरली आहे : प्रश्न सगळ्यांना तेच, आणि प्रत्येकानं आपले गुण कारणासकट आधी लिहायचे, चर्चा मग. "कमिटमेंट" कागदावर लिहायची वेळ आली की लोक अडखळतात. आमच्या अर्जात 'वैवाहिक स्थिती' हा रकाना मात्र अजून आहे. तो काढा म्हणून एचआरला परवा पुन्हा मेल केली आहे.