पेस्टलच्या भुकटीने मळवलेली मालगाडी

मॉडेल रेल्वेतली नवीकोरी, चकचकीत मालगाडी मला कधी खरी वाटलीच नाही. नाशिकरोडला राहणाऱ्याच्या डोळ्यांत मालगाडीचा रंग पक्का बसलेला असतो. एकलहऱ्याच्या वीज केंद्राकडे जाणाऱ्या कोळशाच्या उघड्या वाघिणी, म्हणजे मालडबे, रोजच्याच बघण्यातल्या. म्हणून माझ्या एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणाच्या, बॉक्सएन या उघड्या प्रकारातल्या मॉडेल वाघिणी मळवायला, म्हणजे जुन्या-मळक्या दिसतील अशा रंगवायला, घेतल्या. खरी बॉक्सएन साधारण पावणेअकरा मीटरची, माझी सव्वाबारा सेंटीमीटरची.

रंग फवारणारा एअरब्रश आणि त्याच्या हवेच्या कॉम्प्रेसरचा खर्च मोठा, म्हणून चित्रकारांचे पेस्टल वापरायचं ठरवलं. दुकानात नुसतं ‘पेस्टल’ म्हटलं की हातात ऑइल पेस्टल पडतात. ते इथे कामाचे नाहीत, त्यांची भुकटीच होत नाही. खडूसारखे कोरडे सॉफ्ट पेस्टल मागून घ्यायचे. बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा), राखाडी आणि काळा एवढ्यात कोळशाची गाडी होते.

आधी चाकं आणि डबे जोडणारं कपलिंग काढून डबा साबणाच्या पाण्याने धुतला आणि पूर्ण सुकवला. मग मॅट व्हार्निशचा हलका फवारा. ही पायरी टाळू नये, कारण गुळगुळीत प्लॅस्टिकवर भुकटी ठरत नाही, घसरून जाते. मॅट थराला बारीक खरखरीतपणा असतो, कण त्यात अडकतात. फवाऱ्यासाठी मी मुद्दाम कोरडा दिवस धरला. पावसाळ्यातल्या दमट हवेत व्हार्निशवर पांढरट धूर चढतो. पेस्टल पॉलिश पेपरवर घासून भुकटी केली, तोंडाला मास्क बांधून, कारण ही धूळ छातीत जाऊ नये. डबा धरायला हातमोजे, नाहीतर बोटांचे ठसे तसेच उमटतात.

खरं काम पुढचं, आणि ते ब्रशपेक्षा डोळ्यांचं आहे. प्रत्येक डाग कुठून आला हे आधी कळायला हवं. चाकं आणि ब्रेक यांच्या घर्षणातून लोखंडाची भुकटी उडते आणि गंजते, म्हणून बोगी (चाकं बसवलेली चौकट) आणि खालचा सांगाडा तपकिरी असतो. तिथे बर्न्ट अंबर, वर थोडा ऑकर. पावसाचं पाणी वरून खाली वाहतं, म्हणून गंजाचे ओघळ चपट्या ब्रशने फक्त वरून खाली ओढायचे, आडवा हात अजिबात नाही. वीज केंद्रात टिपलर नावाच्या यंत्रावर अख्खी वाघीण उलटी करून कोळसा ओततात, त्यामुळे वरच्या काठावर आणि आतल्या कोपऱ्यांत काळा रंग दाट दिला. उभ्या पट्ट्यांच्या कडेला भुकटी पाण्यात कालवून सोडली. पाण्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब घातला की ते थेंबाथेंबाने गोळा न होता सांध्यात उतरतं. पेस्टलची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही, की व्हार्निश मारेपर्यंत काहीच कायमचं नसतं. छटा पटली नाही की ओल्या कापसाने पुसायची आणि पुन्हा द्यायची.

शेवटचा मॅट फवारा मात्र बराच रंग खातो, फिकट छटा तर जवळपास नाहीशा होतात. म्हणून आधी डोळ्यांना जास्त वाटेल इतकं मळवायचं, लांबून हलका फवारा मारायचा आणि सुकल्यावर ऑकर, राखाडी पुन्हा द्यायचा. चाकांच्या कडांवर भुकटीही नको आणि व्हार्निशही नको, डबा रुळावर अडतो.

सगळ्या वाघिणी एकसारख्या मळवल्या नाहीत. खऱ्या रेकमध्ये, म्हणजे एकत्र जोडलेल्या डब्यांच्या गाडीत, कारखान्यातून नुकती रंगून आलेली आणि वर्षानुवर्षं धावलेली अशा शेजारीशेजारी जोडलेल्या असतात. माझ्याही रेकमध्ये एक जवळपास स्वच्छ ठेवली आहे, तिच्यामुळे बाकीच्या जास्त जुन्या दिसतात.

आता मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून तेल भरून निघतात तसे टँकर घेतले आहेत. त्यांवर गंज कमी दाखवणार आहे आणि वरच्या झाकणापासून दोन्ही बाजूंना उतरलेले काळे ओघळ जास्त.