चुन्याची डबी

आक्कांना जाऊन दोन महिने झाले. त्यांच्या कोनाड्यातली चुन्याची डबी मात्र अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

मी साताऱ्याच्या दुष्काळी पट्ट्यात घरभेटी देणारी नर्स आहे. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे आजार बरा होणार नाही हे कळल्यावर जे करायचं उरतं ते सगळं. लोकांना वाटतं, आम्ही पेशंटचा हात धरून बसतो. खरं तर अर्धा वेळ 'शौचाला झाली का?' हे विचारण्यात जातो. मॉर्फिन, म्हणजे अफूपासून बनणारं जोरदार वेदनाशामक, सुरू केलं की बद्धकोष्ठ ठरलेलं, आणि त्याचं औषध पहिल्या दिवसापासून दिलं नाही तर दुखणं थांबूनही माणूस हैराण होतो.

आक्कांना उजव्या गालाचा कॅन्सर होता. चाळीस वर्षांची मिश्री. 'आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या,' असं सांगून एका मोठ्या हॉस्पिटलनं पाठवलेलं. या वाक्याची मला चीड आहे. करण्यासारखं किती होतं! गाल फुटून जखम बाहेर आलेली, वास ओसरीपर्यंत यायचा, सून उंबऱ्यातूनच विचारपूस करायची. पहिल्याच भेटीत जखमेत अळ्या सापडल्या. टर्पेंटाइनमध्ये भिजवलेला बोळा जखमेच्या तोंडाशी धरला की त्या वर येतात, मग चिमट्यानं एकेक उचलायची. त्या दिवशी सव्वा तास लागला. चिकटलेलं ड्रेसिंग कधी ओढायचं नसतं. मीठ घालून उकळून गार केलेलं पाणी थेंब थेंब सोडत राहायचं, ते आपण होऊन सुटतं. मग वास मारणाऱ्या मेट्रोनिडॅझोलच्या गोळ्यांची पूड भुरभुरायची. आठवड्याभरात वास ओसरला आणि सून आत येऊन उशाशी बसली, सासूची वेणी घालायला. माझ्या कामात मला ज्याचा अभिमान वाटतो ते हे.

औषधं द्यायचं काम आबांचं, आक्कांच्या नवऱ्याचं. ते मुंबईत गिरणीत होते, 1982 च्या संपानंतर गावी आले ते कायमचेच. मॉर्फिनचं वेळापत्रक समजवायला मला इतर घरांत तास लागतो. आबांना एकदाच सांगितलं. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, दर वेळी दहा मिलिग्रॅमची एक गोळी. रात्री दहाला दोन, म्हणजे मध्यरात्री उठवायला नको. 'पाळ्याच की ह्या,' म्हणाले, आणि वहीत रकाने आखले. आक्कांना गिळता यायचं नाही. गोळी कुटून पाण्यात विरघळवून नाकातल्या नळीतून द्यायची. पहिले तीन आठवडे दुखणं आटोक्यात होतं. आक्कांना बोलता येत नव्हतं, किती दुखतंय ते त्या बोटांनी दाखवायच्या. दहातली दोन बोटं.

मग आमच्याकडचा साठा संपला. अकरा दिवस. मध्य प्रदेश, राजस्थान, उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफू पिकते, आणि माझ्या दोन कुलपांच्या कपाटात गोळी नाही. 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्यानं मॉर्फिनला इतके परवाने लावले की डॉक्टरांनी नादच सोडला. 2014 च्या दुरुस्तीनं ते सोपं केलं, पण मागणीचा कागद कुणाच्या टेबलावर अडकला तर त्याला कायदा काय करणार? दुसरी वेदनाशामकं दिली, ती पुरली नाहीत. त्या अकरा दिवसांत मी तिथं तीनदा गेले आणि तिन्ही वेळा लवकर निघाले. हे मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही.

साठा आला तेव्हा सगळ्यात आधी आबांकडं गेले. पंधरा दिवसांच्या नव्वद गोळ्या, नऊ पट्ट्या. पुढच्या भेटीत रिकाम्या पट्ट्या मोजल्या, वही पाहिली, सगळं बरोबर. आक्कांनी दोन बोटं दाखवली. पण कपाळावर आठी होती आणि पाय पोटाशी घेतलेले. आठी मला दिसली होती. वहीवर विश्वास ठेवला.

पंधरा दिवस पुरे झाले तेव्हा गेले, आबा दूध आणायला गेले होते. मी विचारलं, किती दुखतंय? आक्कांनी दाराकडं पाहिलं आणि आठ बोटं वर केली.

आजार पुढं सरकला, मला वाटलं. डॉक्टरांना फोन लावला. डोस दुप्पट करावा लागेल असं ते म्हणत असतानाच आक्कांनी माझा पदर ओढला आणि कोनाड्याकडं बोट केलं. पितळेची मोठी डबी, आबांची जुनी, चुन्याची. आत पांढरे अर्धे तुकडे, अडकित्त्यानं कापलेले. मोजले. नव्वद.

आबा आले. डबी माझ्या हातात बघून तांब्या खाली ठेवला.

"सवय लागंल म्हणून कापल्या का, आबा?"

"सवयीचं काय वं सिस्टर आता. शेवटाला ठिवल्यात. तवा तुमच्याकडं न्हवत्या. अकरा दिस हिनं भिताडाला डोकं आपटलं, म्या बघितलंय. शेवट तर त्याच्याहून वाईट असंल. तवा पुन्हा न्हाई म्हणाला तर?"

औषधाची भीती घालवायचं मला पाठ आहे. दुखण्यासाठी मापात दिलेल्या मॉर्फिनचं व्यसन सहसा नाही लागत, त्यानं जीव नाही जात, आज पोटभर दिलं म्हणून उद्या लागू पडायचं थांबत नाही. हे सगळं त्यांना आधीच पटलेलं होतं. त्यांना भीती माझ्या कपाटाची होती. आणि आक्का रोज सहाला, दहाला, दोनला त्यांना अडकित्ता चालवताना बघत होत्या आणि दोन बोटं दाखवत होत्या, नवऱ्याला धीर यावा म्हणून. पंधरा दिवस.

"आता कमी पडणार नाहीत," मी म्हणाले. कुठल्या अधिकारात म्हणाले? साठा माझ्या हातात नाही. पण दुसरं काही सुचलं नाही.

डोस दुप्पट करायची गरजच नव्हती. आधीचाच डोस पुरा दिला आणि दुसऱ्या दिवशी आक्का पाय लांब करून झोपल्या होत्या. डॉक्टरांनी डबी ताबडतोब ताब्यात घ्यायला सांगितलं होतं. नियमानं त्यांचंच बरोबर. घरात एवढं मॉर्फिन सुटं ठेवायचं नसतं. मी ती कोनाड्यात परत ठेवली. डबी उचलली असती तर आबांनी नव्या गोळ्याही कापल्या असत्या, असं मला वाटलं. अजूनही वाटतं. पण त्या घरात नातवंडं होती, हेही रात्री आठवतं.

आक्का त्यानंतर बाराव्या दिवशी पहाटे गेल्या, शांतपणे. साठा तोपर्यंत टिकला.

तेराव्यानंतर मी उरलेली औषधं आणायला गेले. आबांनी स्वतःहून डबी पुढं केली. "मोजून घ्या." मी मोजले, नव्वद. एकही वापरला नव्हता. त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "दुसऱ्या कुणाला देता येतील का वं ह्या?"

पलीकडच्याच वाडीत माझा एक पेशंट होता, जिभेच्या कॅन्सरचा. पण घरून परत आलेली गोळी पुन्हा कुणाला देता येत नाही, तीही अशी तुकडे केलेली. ऑफिसात दोघांच्या सह्या करून ती नष्ट करायची असते.

"बघते," म्हणाले आणि तुकडे पाकिटात भरून घेतले. डबी आबांना परत दिली. त्यांनी ती धोतराच्या सोग्यानं आतून पुसली आणि कोनाड्यात ठेवली.